बिनकमिशनचा एजंट

परभणीत स्टेशन रोडला एक छोटं दुकान आहे. बोर्डावर अजून विमानाचं चित्र, त्याच्या पोटाखालून रेल्वे चाललीय, आणि बाजूला लाल अक्षरात "रेल्वे, विमान, बस सर्व तिकिटे मिळतील". आत जाऊन तिकिटाचं विचारून बघा. काका आधी चष्मा कपाळावर चढवतात आणि मग विचारतात, "मोबाईलवरून निघेना का?" कारण आतमध्ये आता आधार अपडेट, उत्पन्नाचा दाखला, नॉन क्रिमीलेअर, झेरॉक्स, लॅमिनेशन आणि खरिपात पीक विमा. २०२३ ला एक रुपयात पीक विमा निघाला तेव्हा त्या विमानाच्या चित्राखाली जी गर्दी होती ना, तेवढी गर्दी उन्हाळ्याच्या सुट्टीत तिकिटांसाठी पण कधी झाली नसेल.

हे बघून लोक म्हणतात की ट्रॅव्हल एजंट संपले. मला नाही पटत. संपले कुठं, दुकान सोडून ते घराघरात शिरलेत. प्रत्येक खानदानात एक जण असतोच ज्याला "तुला मोबाईलातलं येतंय ना" असं कधीतरी कुणीतरी म्हणलेलं असतं, आणि त्या दिवसापासून तो माणूस कामाला लागतो, बिनपगारी, बिनकमिशनी, सुट्टी नाही. आमच्याकडं ती मी. सासर माहेर दोन्हीकडची. जाऊबाईंना पण येतं सगळं, रील बनवतात, पण तिकिटाचं नाव काढलं की त्यांच्या मोबाईलची बॅटरी उतरलेली असते. हुशार बाई.

आता हे काम म्हणजे नुसतं बटण दाबणं असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा मावससासूबाईंसाठी वैष्णोदेवीचं तिकीट काढून बघावं. पहिलं म्हणजे रेल्वेचं बुकिंग आता ६० दिवस आधी उघडतं, नोव्हेंबर २०२४ च्या आधी १२० दिवस होते, त्यामुळं सगळ्यांच्या डोक्यात अजून चार महिनेच बसलेत आणि रोज विचारणा, "उघडलं का गं?" मग आधारचे फोटो मागायचे. ते येतात तिरपे, अंधारात काढलेले, एकावर अंगठा, एकात फक्त मागची बाजू, आणि एका काकांचं आधारवर नाव वेगळं, पॅनवर वेगळं, आणि आम्ही ज्या नावानं हाक मारतो ते तिसरंच. मग अट.

"मला खालचंच शीट पायजे बरं का, गुडघे वर चढू देईनात."

"मावशी, मी टाकते खालचं, देणं न देणं त्यांच्या हातात आहे."

"असं कसं त्यांच्या हातात? पैसे तर पूर्ण कापायलेत की!"

बरोबरच आहे त्यांचं. मार्च २०२० पर्यंत ज्येष्ठ बायकांना रेल्वेत निम्मी सूट होती, पुरुषांना ४० टक्के, ती कोरोनात बंद झाली ती अजून चालू झालेली नाही, आणि मावशी ज्या वर्षी ५८ पूर्ण करून त्या सवलतीत बसणार होत्या नेमकं त्याच वर्षी हे झालं. तेव्हापासून हा राग आहे आणि तो रेल्वेमंत्र्यांपर्यंत पोचायला वेळ लागतो म्हणून मधल्या काळात माझ्यावर निघतो. वर पुन्हा तुलना एसटीशी, तिथं बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट, आणि पंचाहत्तरी ओलांडली की तर फुकटच, त्यामुळं आमच्याकडं "एसटी काश्मीरला जात नाही का" हा प्रश्न खरोखर विचारला गेलेला आहे.

खरं सांगू का, जुन्या एजंटाला जे डोक्यात पाठ असायचं ते कुठल्या स्क्रीनवर लिहून येत नाही. वेटिंग चाळीस असलं तरी घाबरू नका, हे जनरल वेटिंग आहे, सरकतं. आणि हे नुसतं बारा दिसतंय पण हे पूल्ड कोट्यातलं आहे, म्हणजे मधल्या स्टेशनांना मिळून ठेवलेल्या थोड्या जागांतलं, हे जागचं हलणार नाही, त्यापेक्षा गाडी जिथून सुटते तिथून तिकीट काढा, म्हणजे नांदेडहून, आणि बोर्डिंग परभणी टाका, थोडे पैसे जास्त जातील पण बर्थ मिळंल. हे असलं शहाणपण ते काका पेन कानामागं अडकवून दोन वाक्यांत सांगायचे. मी हेच शिकले व्हिडिओ बघून बघून, आणि आता माझ्याकडं गल्लीतले लोक पण विचारायला येतात. चहा मलाच करावा लागतो हा फरक.

तसं त्यांचं दुकान काही एका रात्रीत बसलं नाही. २००२ ला आयआरसीटीसीनं, म्हणजे रेल्वेच्याच कंपनीनं, ऑनलाइन तिकीट चालू केलं तेव्हा तिकीट कुरिअरनं घरी यायचं, परभणीत नेट लावायचं तर सायबर कॅफेत तासाचे पैसे, कोण करणार तो उद्योग. मग २००५ ला घरीच प्रिंट काढायचं ई-तिकीट आलं. २००८ च्या सुमारास विमान कंपन्यांनी एजंटांच्या कमिशनलाच कात्री लावली, म्हणजे मोठ्या शहरातल्या एजंटांची मलईच गेली. आणि मग स्वस्त डेटा आला, तो सगळ्यांचाच बाप. आता तर जुलै २०२५ पासून तत्काळची पहिली तीस मिनिटं एजंटांना खिडकीच बंद आहे, एसीचं दहाला उघडतं आणि स्लीपरचं अकराला, तेवढा अर्धा तास फक्त आपण, आपलं आधार आणि आपला ओटीपी. सामान्य माणसाच्या भल्यासाठीच केलंय, मान्य. पण त्या अर्ध्या तासात सामान्य माणूस म्हणजे मी एका हातात मोबाईल, गॅसवर कुकर, आणि ओटीपी जातोय सासऱ्यांच्या, म्हणजे आमच्या मामांच्या, फोनवर जो त्यांनी खिशात घालून शेताकडं नेलाय.

ट्रॅव्हल्सचं वेगळंच. आमच्याकडं ट्रॅव्हल्स म्हणलं की खाजगी स्लीपर बस, दुसरा अर्थ नाही. पुण्यात शिकणारी आणि नोकरी करणारी मराठवाड्याची पोरं दिवाळीला सगळी एकदम निघतात आणि मग जे भाडं चढतं ते बघून वाटतं विमानानं यावं, पण परभणीला विमान नाही, नांदेड नाहीतर संभाजीनगर गाठा. राज्य सरकारचा २०१८ चा नियम आहे की एसटीच्या तशाच गाडीच्या भाड्याच्या दीडपटीपेक्षा जास्त घ्यायचं नाही, आणि हा नियम दिवाळीत कुठं सुट्टीवर जातो ते काही कळत नाही. पूर्वी एजंट कार्बन लावलेल्या वहीत नाव लिहायचा, "शेवटची दोनच शीटं राहिलीत ताई, पटकन सांगा" म्हणायचा आणि आपल्याला माहीत असायचं की हा फेकतोय, मागची पूर्ण लाइन रिकामी आहे. आता मोबाईलवर लाल अक्षरात तेच, दोनच राहिलीत, चार जण बघतायत. माणसाच्या तोंडची थाप ओळखता यायची, डोळ्यात दिसायची. लाल अक्षराच्या डोळ्यात काय बघणार. पण एक सांगते, मोबाईलवर बसची तिकिटं विकणारी रेडबस काढणाऱ्या फणींद्र समानं ती कंपनी २००६ ला काढली तीच मुळात दिवाळीत बंगळूरहून घरी जायला बसचं तिकीट मिळालं नाही, एजंटांचे उंबरठे झिजवून सण हुकला म्हणून. म्हणजे एजंटाला घरी बसवलं ते दिवाळीनंच, आणि दिवाळीचं भाडं काही खाली आलं नाही.

हॉटेलचं बुकिंग हा तर माझा आवडता भाग, म्हणजे चिडायला. आमच्या मंडळींच्या अटी ठरलेल्या असतात. खोली तळमजल्यावर, कमोड पाहिजे, पहाटे चारला गरम पाणी पाहिजे कारण आरतीच्या आधी आंघोळ, देऊळ पायी जाण्यासारखं, आणि जवळपास भाकरी नाही तर निदान पोळी मिळावी, तंदुरी रोटी नको, ती दातानं तुटत नाही. मी फिल्टर उघडते तर तिथं स्विमिंग पूल आहे, बाथटब आहे, कपल फ्रेंडली आहे, पेट फ्रेंडली आहे. गुडघा फ्रेंडली नाही. म्हणून मी शेवटी सरळ फोनच लावते.

"लिफ्ट आहे का?"

"आहे ना मॅडम."

"चालू आहे का?"

"...सोमवारी माणूस येणार आहे."

हा दुसरा प्रश्न विचारायचा असतो हे कुठल्याच रिव्ह्यूत नसतं, तिथं ब्रेकफास्ट छान होता एवढंच असतं.

यात्रा कंपनीवाले मात्र अजून टिकून आहेत, आणि मला त्याचं नवल वाटत नाही. बसच्या टपावर शेगड्या, सोबत आचारी, काशीत गेलं तरी ताटात पिठलं आणि ठेचा, बसमध्ये अर्धं गाव ओळखीचं. आणि पैसे? निम्मे आधी, निम्मे सोयाबीन विकल्यावर. कुणाचं सोयाबीन कधी विकतं, कुणाचा भाव पडला, हे ज्या माणसाला माहीत आहे तोच अशी उधारी देऊ शकतो, मोबाईल ईएमआय देतो पण पावसानं घात केला तर थांबत नाही. दिंडीचं बघा ना, पैठणहून नाथांच्या पालखीसोबत निघणाऱ्या दिंड्या, भिशी, म्हणजे दिंडीची वर्गणी, भरली की जेवण, पाणी, सामानाला ट्रक, मुक्कामाला तंबू, सगळं ठरलेलं. एवढं मोठं टूर पॅकेज आहे आणि चोपदार, विणेकरी यांच्या ओळखीवर चालतंय. मजा म्हणजे तिकडं इंग्लंडात थॉमस कुकनं १८४१ मध्ये पहिली टूर काढली ती पण मौजमजेची नव्हतीच, दारूबंदीच्या सभेसाठी एका शिलिंगात पाचेकशे लोक रेल्वेनं लेस्टरहून लफबरोला नेले होते. ती ब्रिटिश कंपनी सप्टेंबर २०१९ ला बुडाली तेव्हा दीड लाखावर प्रवासी परदेशात अडकले होते, सरकारला विमानं पाठवून आणावे लागले. (भारतातली त्याच नावाची कंपनी वेगळी आहे, ती चालू आहे, नाहीतर कुणीतरी घाबरायचं.)

आणि संभाजीनगरला, परभणीला उमराहच्या टूर काढणाऱ्यांची दुकानं पण जोरात चालतात. व्हिसा, भाषा, तिथली राहण्याची सोय, वयस्कर माणसं, असलं असलं की लोकांना माणूसच लागतो समोर, ज्याच्या दुकानाचा पत्ता माहीत आहे आणि काही झालं तर ज्याच्या दारात जाऊन बसता येतं.

हे दारात बसणं फार महत्त्वाचं आहे बरं. केदारनाथच्या हेलिकॉप्टरचं बुकिंग २०२३ पासून आयआरसीटीसीच्या हेलियात्रा साइटवरूनच होतं, तरी दर सीझनला तशाच दिसणाऱ्या नकली साइटी निघतात, लोक पैसे भरतात आणि मग फोन बंद. आमच्या फॅमिली ग्रुपवर मामांनी अशीच एक लिंक टाकली होती, "सवलत, त्वरा करा", खाली तीन जणांचे हात जोडलेले. मी सरळ लिहिलं, कुणी पैसे भरायचे नाहीत. तर मामा दोन दिवस बोलले नाहीत, त्यांना वाटलं सूनबाईनं चारचौघात अपमान केला.

म्हणजे बघा, तिकीट मिळालं तर मोबाईलची कमाल, नाही मिळालं तर माझा हलगर्जीपणा. दुकानातल्या काकांना हे ऐकून घ्यायचे वीस-तीस रुपये तरी मिळायचे, आणि लोक त्यांच्यावर रुसले तर दुसऱ्या दुकानात जायचे. माझ्यावर रुसून कुठं जाणार, संध्याकाळी जेवायला इथंच. पण एक कबूल करते, सगळं कन्फर्म झालं आणि ग्रुपवर पीएनआर टाकला की जो रुबाब येतो ना तो मला आवडतो, त्या दिवशी मावशी पण "आमची सून" म्हणतात, बहिणीची सून नाही, आमची.

तर आता सगळ्यांना कळवलेलं आहे. आधारचा फोटो सरळ, दोन्ही बाजूंनी, उजेडात काढून पाठवायचा. ज्याच्या फोनवर ओटीपी येणार त्यानं सकाळी दहा ते साडेअकरा शेतात जायचं नाही. रात्री अकरानंतर "उद्याचं काही मिळंल का गं" विचारायचं नाही. आणि साइड लोअर हे पण खालचंच शीट असतं, त्यावरून भांडायचं नाही. एवढं पाळलं तर आषाढानंतरच्या रामेश्वरचं बघते मी.