चीनमध्ये आहे खरी, पण चिनी बोलू कोणाशी?

घरून निघताना जो तो हेच सांगत होता की अगं तिथे गेलीस की सहा महिन्यांत फाडफाड बोलशील, चोवीस तास कानावर तेच पडणार म्हटल्यावर न येऊन सांगते कोणाला. सांगणाऱ्यांपैकी एकही जण चीनला गेलेला नव्हता हा भाग वेगळा. आता बीजिंगमधला माझा दुसरा हिवाळा सुरू झालाय, आणि इथे भाषा शिकायला आलेल्या कोणालाही विचारा, ह्या शहरात तोंडातून चिनीचा एक शब्द न काढता आख्खा दिवस मजेत जातो. खरी पंचाईत तीच आहे.

म्हणजे बघा ना. बाहेर जायचं तर सायकल स्कॅन करायची, नाहीतर मेट्रोच्या गेटवर फोन दाखवायचा, जवळच जायचं असेल तर तीन युआन कटतात. हॉटेलात बसलं की टेबलावरच कोड चिकटवलेला असतो, फोटो बघून टिचकी मारायची, पैसे तिथेच भरायचे, वेटर येतो तो फक्त प्लेट ठेवायला. मेइथ्वान ह्या अ‍ॅपवरून जेवण मागवलं तर डिलिव्हरीवाला गेटजवळच्या रॅकवर पिशवी ठेवून कधीच पुढच्या ऑर्डरला पळालेला असतो. पार्सलचं तर त्याहून सोपं, फोनवर एक नंबर येतो, पिकअप सेंटरमध्ये त्या नंबरच्या फळीवरून आपलं खोकं उचलायचं, मशिनखाली धरायचं, बीप झालं की चालू पडायचं. नोव्हेंबरात डबल इलेव्हनच्या, म्हणजे ११/११च्या सेलमध्ये तिथे हीऽऽ गर्दी असते, पण बोलतं कोणीच नाही, सगळे मान खाली घालून नंबर शोधत असतात.

क्लास असतो सकाळी. आठ वाजता. आठ म्हणजे आठच, आणि पहिल्या दहा मिनिटांत थिंगश्ये, म्हणजे लाओशी (शिक्षक) बोलणार आणि आपण ऐकून अक्षरं लिहायची. आदल्या रात्री चौकटीच्या वहीत ओळीच्या ओळी घोटलेल्या असतात तरी ऐन वेळी निम्म्या अक्षरांना डावीकडे तीन ठिपके की दोन हे आठवत नाही. फोनवर पिनयिन, म्हणजे रोमन लिपीतला उच्चार, टाकून टाइप करायचं तर सगळं येतं, समोर यादी येते, ओळखायचं आणि दाबायचं. हाताला मात्र काही म्हणता काही आठवत नाही. गंमत म्हणजे चिनी पोरांचंही हेच झालंय, एकाला मी शिंक ह्या शब्दातलं अक्षर लिहून दाखव म्हटलं तर त्यानेही गुपचूप फोन काढला. त्या दिवशी फार बरं वाटलं.

तर क्लासमध्ये आम्ही वीसेक जण, कोरियन, रशियन, कझाक, थाय, इंडोनेशियन, दोन पोरं आफ्रिकेतली. ह्यातल्या निम्म्यांना इंग्लिश येत नाही त्यामुळे आपसात चिनीच बोलावं लागतं, आणि इथे एक वेगळीच भाषा तयार होते. सावकाश, तुटक, टोनचा, म्हणजे उच्चारातल्या चढउतारांचा पत्ता नसलेली, पुस्तकाच्या आठव्या धड्यापर्यंतचेच शब्द वापरणारी. आम्हाला एकमेकांचं शंभर टक्के कळतं. माझी रूममेट कझाकस्तानची आहे, तिच्याशी मी घरच्या भांडणांपासून लग्नापर्यंत सगळ्यावर तासन् तास बोलते आणि त्या वेळी मला वाटतं की आपली भाषा काय झकास झालीये! मग खाली दुकानात जाऊन तेच वाक्य त्याच झोकात टाकते आणि दुकानदार म्हणतो, आँ?

बारा वाजता क्लास सुटतो आणि दुपार मोकळी. पण राहतो आम्ही परदेशी विद्यार्थ्यांच्या वेगळ्या बिल्डिंगमध्ये. चिनी मुलंमुली दुसऱ्या टोकाला, एका खोलीत चारचार सहासहा जण, बंकबेडवर, आणि आम्ही इकडे दोघीदोघी, ऐसपैस. सोय आहे, तक्रार नाही, पण ज्यांच्याशी बोलायला आलो ते राहतात भलतीकडेच. हा सगळा वूदाओखौचा परिसर तसाही परदेशी आणि कोरियन विद्यार्थ्यांसाठीच प्रसिद्ध, इथे कॉफीवाला आपलं तोंड बघूनच इंग्लिश सुरू करतो. माझ्या मते भाषा शिकायची असेल तर बीजिंग-शांघायला येऊच नये, एखाद्या कमी गाजलेल्या शहरात जावं. हे मला कोणी आधी सांगितलं असतं तरी मी बीजिंगलाच आले असते म्हणा.

लँग्वेज पार्टनर हा प्रकार ऐकायला छान. तू मला चिनी शिकव, मी तुला इंग्लिश. प्रत्यक्षात काय होतं की ज्याची भाषा जास्त चांगली त्या भाषेत गप्पा घसरतात, आणि समोरच्याने पहिलीपासून इंग्लिश घोकलेलं असतं. त्यात माझ्या पार्टनरची परीक्षा जवळ आलेली. एक तास झाला की ती खूश होऊन निघून जाते आणि मी विचार करत बसते की हे फुकटचं ट्यूशन मी नक्की कशासाठी दिलं. बाय द वे, पैसे घेऊन इंग्लिश शिकवा असं विचारणारे आईबापही वीचॅटवर (इथलं व्हॉट्सअ‍ॅप) भरपूर भेटतात, त्यात पडू नका. स्टुडंट व्हिसावर युनिव्हर्सिटीची परवानगी आणि रेसिडेन्स परमिटवर तशी नोंद असल्याशिवाय बाहेर काम करता येत नाही, पकडलं तर दंड आणि वर परत पाठवणी.

परमिटवरून आठवलं, सुरुवातीचे आठवडे मात्र भाषेचा खरा कस लागतो. आल्यावर चोवीस तासांत पोलिसांकडे पत्त्याची नोंद, मग मेडिकल, त्यात रक्त, एक्स-रे, ईसीजी सगळं, मग एक्स वन, म्हणजे लांब मुदतीच्या विद्यार्थी व्हिसावर आलात तर तीस दिवसांच्या आत रेसिडेन्स परमिटचा अर्ज. आणि ह्या सगळ्यात आपलं मराठी नाव! पासपोर्टवर माझं नाव, त्याला चिकटून वडिलांचं नाव, आणि आडनाव वेगळ्या रकान्यात. चिनी माणसाचं नाव सहसा दोन नाहीतर तीन अक्षरांचं, फॉर्म त्या हिशोबाने केलेले. बँकेतल्या मुलीने आडनाव आधी घेऊन सगळं एका दमात, मध्ये जागा न सोडता टाइप केलं. सिमकार्डवाल्याने जागा सोडून. आलीपे ह्या पैसे भरायच्या अ‍ॅपने तिसऱ्याच क्रमाने. आणि तिन्हीकडे नाव तंतोतंत जुळल्याशिवाय खातं जोडलं जात नाही. मग परत बँकेत जा, टोकन घ्या, समजावून सांगा की हे मधलं नाव बाबांचं आहे, नाही हो, आडनाव नाही, नाही, मी दोन माणसं नाही. त्या काउंटरवर मी जितकं चिनी बोलले तितकं नंतरच्या महिन्याभरात बोलले नसेन. त्यामुळे सगळं सुरळीत चालू झालं की भाषेचं नुकसानच होतं, असं माझं ठाम मत झालंय.

कँटीनमध्येही तीच कथा. ताटल्यांच्या मागे डाव घेऊन बायका उभ्या, आपण बोट दाखवायचं, हे, हे आणि ते. मी मांस खात नाही त्यामुळे मला निदान विचारावं तरी लागतं. टोफू दिसला म्हणून हुरळायचं नाही, मापो टोफूत बारीक खिमा असतोच. भरवशाचं म्हणजे टोमॅटो-अंडं, आंबटतिखट बटाट्याचा कीस, आणि वांगं, बटाटा, ढोबळी मिरची तळून केलेली तीसानश्यान नावाची भाजी, जी मी आठवड्यातून किती वेळा खाते ते विचारू नका. सिचुआनी खिडकीवरच्या भाजीत ह्वाच्याओ, म्हणजे सिचुआनी मिरी असतं, पहिल्यांदा जिभेला मुंग्या आल्या आणि मला एकदम मासळीच्या आमटीत टाकलेलं त्रिफळ आठवलं (घरी बाकीचे खातात). दोन्ही एकाच कुळातली झाडं आहेत. त्या खिडकीवरच्या बाईंना मी हे सांगायचा प्रयत्न केला, मागे रांग खोळंबली, बाईंनी मला आणखी एक डाव भात वाढला. म्हणजे त्यांना काय कळलं कोण जाणे.

घरच्यांशी बोलणं हा आणखी एक घोळ. भारताने २०२० मध्ये वीचॅटवर बंदी घातली आणि चीनमध्ये व्हॉट्सअ‍ॅप चालत नाही. म्हणजे इकडचं तिकडे नाही, तिकडचं इकडे नाही. मग कोणी व्हीपीएन लावतं, कोणी भारतातलं सिम रोमिंगवर ठेवतं कारण रोमिंगचा डेटा इथल्या इंटरनेटवरच्या सरकारी भिंतीत अडत नाही. इथली घड्याळं अडीच तास पुढे, त्यामुळे आईची जेवणं आटपून ती निवांत होते तेव्हा इथे रात्रीचे साडेबारा वाजलेले असतात आणि सकाळी आठला थिंगश्ये.

तर मग बोलायचं कोणाशी? माझं उत्तर म्हणजे आमच्या बिल्डिंगच्या दारातल्या खोलीत बसणाऱ्या आयी. आयी म्हणजे मावशी, नाव कोणालाच माहीत नाही. शानतुंगच्या आहेत, बोलणं पुस्तकातल्यासारखं अजिबात नाही, पण त्यांना एक फार मोठा गुण आहे, समोरच्याला कळलं की नाही ह्याची त्या पर्वाच करत नाहीत. लाओशी आमच्यासाठी हळू बोलतात, मित्र सोपे शब्द निवडतात, आयी मात्र सरळ सुसाट. नोव्हेंबर लागला की त्यांची नजर आमच्या पायाकडे. घोटे उघडे दिसले की थांबवणार, आत थर्मल पँट घातलीस का? घातली नाही तर म्हातारपणी गुडघे जातील. गरम पाणी पी. पोटात दुखतंय, गरम पाणी. ताप आलाय, गरम पाणी. पेपर वाईट गेला, तरी गरम पाणीच. इथे सरकारी हीटिंग १५ नोव्हेंबरला सुरू होतं आणि १५ मार्चला बंद, त्याआधीचे पंधरावीस दिवस खोलीत नुसतं कुडकुडायला होतं आणि त्या दिवसांत सगळ्या बिल्डिंगचा आणि आयींचा एकच विषय, कधी येणार, आज पाइप कोमट लागला का, गेल्या वर्षी दोन दिवस आधी सोडलं होतं. हीटिंग आलं की हवा इतकी कोरडी होते की दाराच्या कडीला हात लावला की चटका बसतो. मग त्यावर दुसरं लेक्चर, रेडिएटरजवळ वाडग्यात पाणी ठेव. आता त्यांनी मला वीचॅटवर अ‍ॅड केलंय आणि व्हॉइस मेसेज पाठवतात. एक व्हॉइस मेसेज जास्तीत जास्त साठ सेकंदांचा असतो, आयींचे सगळे एकोणसाठ-साठचे, ओळीने पाच. क्लासच्या लिसनिंगपेक्षा मला ह्याने जास्त फायदा झालाय, हे मी लाओशींना सांगितलेलं नाही.

दुसरे टॅक्सीवाले. टॅक्सी हात दाखवून, अ‍ॅपने, कशी का मिळेना, बीजिंगचा टॅक्सीवाला गप्प बसत नाही. भारतीय का, हाताने जेवता का, घरभाडं किती, लग्न झालं का. आपल्याकडच्या लग्नात दूरचे काका विचारतात त्याच क्रमाने. मुंबई माहीत असते, आमिर खान तर असतोच असतो. महाराष्ट्र म्हटलं की चेहरा कोरा. पण एका पांढऱ्या केसांच्या ड्रायव्हरला मी तरीही प्रयत्न केला आणि ख तीह्वा हे नाव घेतलं, तर त्याने आरशातून माझ्याकडे बघितलं. ख तीह्वा म्हणजे सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. १९३८ मध्ये पाच डॉक्टरांच्या पथकातून आले आणि जपानविरुद्धच्या युद्धातल्या जखमींवर उपचार करता करता डिसेंबर १९४२ मध्ये इथेच गेले, वय अवघं ३२. त्यांचं थडगं शिच्याच्वांगला आहे, बीजिंगहून फास्ट ट्रेनने तासासव्वातासावर. मी गेल्या वसंतात जाऊन आले, छिंगमिंगच्या, म्हणजे पूर्वजांच्या थडग्यांवर जायच्या सणाच्या सुमारास, लोक फुलं ठेवत होते. ते पुतळेबितळे बघताना माझ्या डोक्यात मात्र भाषाविद्यार्थ्याचा प्रश्न, की हा माणूस चिनीतून मेडिकलच्या मुलांना शिकवण्यापर्यंत पोचला कसा? होस्टेल नाही, अ‍ॅप नाही, इंग्लिश बोलणारं खेड्यात कोण असणार. जखमी माणूस समोर ओरडतोय, कुठे दुखतंय हे त्याच्या भाषेत विचारल्याशिवाय गत्यंतर नाही. शिवाय बायको चिनी, क्वो छिंगलान, तिथल्याच नर्स. आमच्याकडे ह्यातलं काहीच नाही, आमच्याकडे एचएसकेच्या, म्हणजे चिनी भाषेच्या सरकारी परीक्षेच्या मॉक टेस्ट आहेत. जुन्या अभ्यासक्रमात पाचव्या लेव्हलला अडीच हजार शब्द होते, सहाव्याला पाच हजार.

हल्ली मी एक नवीन जागा शोधलीये, केस कापायचं दुकान. तिथे कोड स्कॅन करून काम भागत नाही, किती आखूड, पुढून कसे, हे तोंडानेच सांगावं लागतं. पण खरी मजा त्याच्या पुढे. आधी डोकं धुतात, मग खुर्चीत बसवतात, गळ्याभोवती कापड बांधतात, आणि आपण उठून पळू शकत नाही हे पक्कं झालं की तो मुलगा सुरू करतो, कार्ड काढा. आगाऊ पैसे भरा, दर वेळी निम्म्या किमतीत. मी म्हटलं मी विद्यार्थी आहे. स्टुडंट कार्ड आहे. मी म्हटलं उन्हाळ्यात परत जाणार. मैत्रिणीला देऊन जा. मैत्रिणीचे केस तीच कापते. मग तिला घेऊन या, तिचे फारच वाईट असणार. मी म्हटलं दुकान बंद पडलं तर पैसे कोण देणार, असं पेपरात येतं (खरंच येतं). त्यावर तो कात्री थांबवून मालकाला ओरडून सांगतो की ही बघा काय म्हणते, आणि मालक येऊन वेगळी स्कीम सांगतो. एक तास. अर्ध्याहून जास्त शब्द पुस्तकात नव्हते आणि तरी मी एकदाही अडले नाही. कार्ड काढलं नाही. पुढच्या महिन्यात परत जाणारे, त्याला वाटतंय मी कार्ड काढायला येतेय.