सात नंबरची गाडी आणि डिकीचा विसावा विजय

गणपतीत गिरगाव सोडायचं नाही, हा आमच्या घरातला नियम. २०१२ साली तो मोडला. ताईचं ऑपरेशन झालं होतं आणि तिच्या मदतीला मी न्यूयॉर्कला, क्वीन्समधल्या तिच्या घरी जाऊन राहिलो होतो. २७ सप्टेंबरला, गुरुवारी, अनंत चतुर्दशी दोन दिवसांवर आलेली आणि माझं लक्ष सगळं इकडे, आपल्या गल्लीत. ताईला आता बरं वाटत होतं. दाजींनी सकाळीच मला उठवलं. म्हणाले, "चल, आधी तुझा गणपती दाखवतो, मग माझा."

माझा गणपती फ्लशिंगला बाउन स्ट्रीटवर निघाला. साध्या घरांच्या रांगेत अचानक दाक्षिणात्य धाटणीचं गोपुर उभं राहतं. १९७७ पासूनचं हे देऊळ. आत तेलुगू, तमिळ, गुजराती, मराठी सगळे एकाच रांगेत. दर्शन घेतलं, तळघरातल्या कॅन्टीनमध्ये डोसा खाल्ला. तो डोसा मला अजून आठवतो. घरापासून इतक्या लांब, गणपतीच्या दिवसांत, सांबाराचा वास नाकात गेला आणि गळा भरून आला.

तिथून मेन स्ट्रीटपर्यंत चालत गेलो. दुतर्फा चिनी पाट्या, फुटपाथवर भाजीचे ढीग. मेन स्ट्रीट हे सात नंबरच्या गाडीचं शेवटचं स्टेशन, आणि बेसबॉलचं मैदान त्याच्या अलीकडे एकच स्टेशन. तेवढ्या प्रवासातही डबा निळ्या-नारिंगी टोप्यांनी भरलेला होता. निम्म्या लोकांच्या पाठीवर ४३ हा आकडा. दाजींच्या पाठीवरही.

"हा कोण?" मी विचारलं.

"डिकी. आर. ए. डिकी. आमच्या मेट्स संघाचा पिचर, चेंडू फेकणारा. इथे विजय पिचरच्या नावावर लागतो. आज त्याला या हंगामातला विसावा हवाय."

दाजी १९८५ साली इथे आले. पुढच्याच वर्षी मेट्सनी वर्ल्ड सिरीज, म्हणजे बेसबॉलचं विजेतेपद, जिंकली, आणि त्यानंतर एकदाही नाही. त्या एका वर्षाच्या जिवावर माणूस इतकी वर्षं एका संघाशी बांधलेला राहतो, हे मला त्या दिवशी डब्यात उभं राहून कळलं. कारण तिथे कोणीच संघाबद्दल बोलत नव्हतं. मेट्सचा हंगाम कधीच संपला होता (शेवटी ७४ विजय आणि ८८ पराभव). सगळं बोलणं या एकाच माणसाचं.

जाळीदार शर्टातला एक म्हातारा म्हणत होता, हे टिकणार नाही. सदतीस वर्षांचा पिचर, मागच्या वर्षी ८ विजय, १३ पराभव. एकाएकी कसा बदलला? नशीब आहे, दुसरं काय. समोरचा तरुण लगेच उसळला. मागच्या वर्षीचे ते पराभव फसवे होते, म्हणाला, त्याच्या २०८ इनिंगमध्ये डावामागे धावा कमीच होत्या, फलंदाजांनी साथ दिली नाही. यंदा खरा फरक आहे तो स्ट्राइकआउटचा, म्हणजे बॅटरला चेंडू मारूच न देता बाद करण्याचा: मागच्या वर्षभरात १३४ आणि यंदा दोनशेच्या पार. नशिबाने बॅटरचा झेल उडेल, पण बॅट हवेत फिरून चेंडू कॅचरच्या हातात जायला नशीब कशाला लागतं? म्हातारा म्हणाला, टॅम्पा बेच्या मैदानात बंद छताखाली वारा नव्हता म्हणून त्याचा चेंडू नाचला. तेव्हा दाजी मध्ये पडले. १३ जूनला टॅम्पा बेविरुद्ध त्याने अख्ख्या सामन्यात एकच हिट, म्हणजे बॅटरला बेस गाठून देणारा फटका, दिली, ते कबूल. पण १८ जूनला इथेच, उघड्या मैदानात, बाल्टिमोरविरुद्ध पुन्हा एकच हिट आणि १३ स्ट्राइकआउट, ते कुठलं छत?

डबा हसला. म्हाताराही हसला, पण त्याचं खरं दुःख वेगळं होतं. उतरता उतरता तो म्हणाला, "विकतील बघा त्याला. आत्ता भाव आहे." यावर कोणी काही बोललं नाही.

सिटी फील्डच्या, म्हणजे मेट्सच्या मैदानाच्या, दारात बेसबॉलपटू जॅकी रॉबिन्सनच्या नावाचं भव्य गोल दालन आहे, ते नुसतं बघून आम्ही वर गेलो. जागा कॅचरच्या मागे, बऱ्याच उंचावर होती. दाजींनी ती मुद्दाम घेतली होती. "बाजूने बघितलास तर काही कळणार नाही. चेंडू कसा डगमगतो ते इथूनच दिसतं."

आणि दिसलं. इतर पिचर ताशी १४५-१५० किलोमीटरने चेंडू फेकतात, त्याला जबरदस्त फिरकी असते, म्हणून तो ठरल्या वाटेने जातो. डिकीचा चेंडू जेमतेम १२० ते १२५चा. बोटांची नखं चेंडूच्या कातड्यात रोवायची, मनगट ताठ ठेवायचं आणि चेंडू अजिबात न फिरता सोडायचा. चेंडू फिरत नाही, त्यामुळे त्याची शिवण हवेत कधी या बाजूला, कधी त्या बाजूला हवा विस्कटते, आणि चेंडू अठरा-साडेअठरा मीटरच्या वाटेत दोन-तीनदा विचार बदलल्यासारखा हलतो. तो कुठे जाणार हे बॅटरला माहीत नसतं, कॅचरलाही नसतं. म्हणून डिकीच्या कॅचरच्या हातात नेहमीपेक्षा मोठा, सुपासारखा मिट, म्हणजे हातमोजा, असतो. खुद्द डिकीलाही नेमकं माहीत नसतं.

हा नकल बॉल. आपल्याकडे तो श्रीरामपूरच्या जहीर खानने आणला. २०११च्या विश्वचषकात अहमदाबादला माईक हसीचा त्रिफळा उडाला तो याच चेंडूवर. पण जहीरकडे तो दहा अस्त्रांपैकी एक होता. डिकी जवळजवळ प्रत्येक चेंडू हाच टाकत होता. अख्खं आयुष्य एका बेभरवशाच्या चेंडूवर ठेवलेला माणूस मी पहिल्यांदा बघत होतो.

दाजींनी पुढच्या दोन इनिंगमध्ये त्याची कथा सांगितली. १९९६ला अटलांटा ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेला ब्राँझ मिळालं, त्या संघात हा होता. टेक्सस रेंजर्स संघाने नव्या खेळाडूंच्या निवडीत त्याला पहिल्याच फेरीत घेऊन ८ लाख १० हजार डॉलर देऊ केले. मग संघाच्या माणसाने एका मासिकाच्या मुखपृष्ठावर त्याचा फोटो पाहिला, त्यात त्याचा उजवा हात काहीसा विचित्र लोंबत होता. तपासणी झाली. कोपरातला जो अस्थिबंध पिचरचा आधार, तो या माणसाला नव्हताच. देकार ७५ हजारांवर आला. त्याने सही केली. पुढची दहा वर्षं खालच्या संघांमध्ये ये-जा, वेगही उतरला. तिशीत त्याने नकल बॉल शिकायला घेतला. एप्रिल २००६ मध्ये डेट्रॉइटविरुद्ध त्याला एकाच सामन्यात सहा होम रन (आपल्या षटकारासारखे फटके) बसले, आणि त्याची पुन्हा खाली रवानगी झाली. चार्ली हफ, टिम वेकफील्ड, फिल नीक्रो, हा चेंडू जाणणाऱ्या जुन्या माणसांकडे तो एकेक करून गेला. दुसऱ्या संघाचा असूनही कोणी हात आखडता घेतला नाही. दाजी म्हणाले, "हे एक घराणं आहे रे. गाण्यातलं असतं तसं. गुरू शिष्याला सांगतो, बाकीच्यांना काय ऐकायचं ते ऐकू दे."

वेकफील्डचा चेंडू संथ, तरंगत येणारा. डिकीने तोच वेगात टाकायला घेतला आणि कधीकधी तो छातीच्या उंचीवर चढवला. घराण्याची चीज तीच, लय स्वतःची. यंदाचा एकाएकी वाटणारा बहर हा होता, असं दाजींचं मत, आणि आता माझंही.

चौथ्या इनिंगच्या आसपास शेजारच्या बाईंनी विचारलं, कुठून आलात? मी मुंबई म्हणालो. त्यांनी खुर्चीत वळून माझ्याकडे नीट पाहिलं. "मग तुम्हाला माहीतच असेल. तो जानेवारीत तुमच्या गावासाठी किलिमांजारो चढला."

मला माहीत नव्हतं. बाईंनी सांगितलं ते असं: बॉम्बे टीन चॅलेंज नावाची संस्था आहे, देहविक्रयात अडकवलेल्या मुली-बायकांना बाहेर काढते. तिच्यासाठी डिकीने एक लाख डॉलरहून जास्त जमवले. इजा झाली तर करार रद्द होऊ शकतो, असं संघाने कळवलं होतं. तरी गेला. संस्था काम करते ती जागाही बाईंना ठाऊक होती. त्यांनी ते नाव तोडत तोडत उच्चारलं: कामाठीपुरा.

गिरगावातून कामाठीपुरा चालत वीस मिनिटांवर आहे. लहानपणी आम्ही ग्रँट रोडवरून पुढे जाताना आई हात घट्ट धरायची आणि चालायचा वेग वाढवायची. आयुष्यभर मी त्या गल्ल्यांच्या कडेने मान वळवून गेलो. टेनेसीचा एक माणूस, ज्याने तोवर मुंबई पाहिलीही नसेल, तो त्या गल्ल्यांसाठी ५,८९५ मीटर चढला होता. मी तिथे बसून बराच वेळ खेळ पाहिलाच नाही.

भान आलं ते गर्जनेने. पाचव्या इनिंगमध्ये मेट्सच्या डेव्हिड राइटचा तीन धावांचा होम रन, आणि मैदानाच्या टोकाला, मेट्सच्या होम रनला येतं तसं, प्रचंड लाल सफरचंद वर आलं. मेट्स पुढे. मग डिकी. सहावी, सातवी. समोरच्या पिट्सबर्ग संघाचे बॅटर हवेत बॅट फिरवून परत जात होते. आठव्या इनिंगमध्ये दोन बाद असताना, १२८ चेंडू टाकून आणि १३ जणांना स्ट्राइकआउट करून, तो मैदान सोडू लागला तेव्हा सगळं स्टेडियम उभं होतं. डब्यातला तो म्हातारा कुठेतरी याच गर्दीत उभा असणार.

नववीत पिट्सबर्गने दोन धावा काढून सामना ६-५ वर आणला. विजय आता दुसऱ्याच्या हातात होता आणि दाजींनी माझं मनगट धरलं होतं. शेवटचा बॅटर बाद झाला तरी ते सोडेनात. १९९० साली फ्रँक व्हायोलाने वीस जिंकले होते, त्यानंतर मेट्सचा हा पहिला.

नोव्हेंबरात त्याला साय यंग पुरस्कार, वर्षातल्या सर्वोत्तम पिचरचा, मिळाला. नकल बॉल टाकणाऱ्याला तो मिळण्याची ती पहिलीच वेळ. डिसेंबरात दाजींचा फोन आला. आवाजावरूनच कळलं. "टोरांटोला दिला रे." म्हाताऱ्याचं खरं झालं होतं.

जानेवारीत पुन्हा फोन. "तो मुंबईत आलाय. दोन मुलींना घेऊन. कामाठीपुऱ्यात."

मी ऑफिसातून निघालो, ग्रँट रोडला उतरलो आणि चालत गेलो. संध्याकाळ होती. हातगाड्या, शिलाईच्या मशीनचा आवाज, दारात बसलेल्या बायका. यावेळी मी वेग वाढवला नाही. त्याची भेट झाली नाही. मला ती अपेक्षितही नव्हती.

"दिसला?" दाजींनी विचारलं.

"नाही."

"मग कुठे आहेस तू?"

"तेराव्या गल्लीत," मी म्हणालो. "चहा पितोय."