आमची वाटचाल: अकरा सेट आणि एक ट्रान्झिस्टर

बोटींवरचे वायरलेस सेट विकायचे, ॲन्टेना चढवायची, जूनमध्ये बंदी लागून बोटी शाकारल्या की केबल बदलायच्या. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात आमचं बरं चाललं होतं. त्या वर्षांबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

मग डेकवर एलईडी आले. (पाण्यावर प्रकाश सोडून मासळी ओढतात ते नव्हे, त्याला बंदीच आहे, मासळी निवडायला लागतात ते फ्लडलाइट.) विकणारा आमच्याच गल्लीतला. महिन्याभरात आमचे व्हीएचएफ सेट परत यायला लागले. "सोळा नंबरवर कोण ऐकू येत नाय, डबा दिलात." (सोळा नंबर म्हणजे हाक मारायचा, मदत मागायचा चॅनेल.) एका आठवड्यात अकरा सेट काउंटरवर, आणि टेबलावर लावला की प्रत्येक खणखणीत! तोवर दिवेवाल्याने बंदरभर करून टाकलं होतं की आमचा माल बनावट. उधारी थकली, बायकोच्या पाटल्या बँकेत गेल्या.

वाचवलं आमच्या पहिल्या गिऱ्हाइकाने, एका तांडेलाने, म्हणजे बोट चालवणाऱ्याने. "शेट, दिवे मालवले की सेट बोलतो," म्हणाला आणि खिशातला ट्रान्झिस्टर पुढे केला. मागचं झाकण सायकलच्या ट्यूबने बांधलेलं. एएमवर दोन स्टेशनांच्या मधे काटा ठेवून तो दिव्याच्या वायरीजवळ नेला, तर केबिनच्या दारापासून डोलकाठीपर्यंत खरखर वाढतच गेली. दिव्यातला ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला वीज पुरवणारं सर्किट, सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतो, त्याचा कचरा वायरीतून पसरतो, वायरच ॲन्टेना बनते. पार १५६.८ मेगाहर्ट्झपर्यंत, म्हणजे सोळा नंबरपर्यंत. फायबरच्या बोटीत आड यायला लोखंडही नाही. स्क्वेल्च (खरखर दाबायचं सेटवरचं बटण) चढवून खरखर मारली की लांबची बोटही मेली.

२०१८ साली अमेरिकेच्या कोस्ट गार्डने हाच इशारा काढला. मी छापून दिवेवाल्याला दाखवला. "ते अमेरिकेत," म्हणाला. आज तोच फेराइट (वायरीतला कचरा अडवणारं काळं कडं) 'स्पेशल फिल्टर' म्हणून विकतो.

फेराइट घ्याच, पण वायर एकदाच ओवून सोडू नका. दोन-तीन वेढे द्या, तेही ड्रायव्हरला चिकटून. प्लस-मायनस एकमेकांना पिळून न्या. ॲन्टेनाची केबल दिव्याच्या वायरीसोबत बांधू नका. सिग्नल वाढवायचा बूस्टर विकायला कोणी आला तर चहा पाजून पाठवा, तो खरखरही वाढवतो. आणि तपासायचं असेल तर दिवे बंद ठेवून स्क्वेल्च आवाज जेमतेम थांबेल इतकाच फिरवा, मग एकेक दिवा लावत जा. कोणता ओरडतो ते कळतं.

तो ट्रान्झिस्टर अजून माझ्याच पेटीत आहे. तांडेल दर हंगामाला परत मागतो. नवा घेऊन देतो म्हटलं तर नको म्हणतो.