तुम्ही विचारलंत म्हणून: सेकंडहँड डायव्ह वॉच घेतलंय, घरी काय करू आणि काय नको?

चवथ (गणेश चतुर्थी) झाली, पाऊस ओसरायला लागला की हा प्रश्न मला हमखास येतो. कुणीतरी सेकंडहँड डायव्ह वॉच घेतलेलं असतं, बहुतेक वेळा सेकोचं एसकेएक्स ००७ नाहीतर त्याचं निळ्या-लाल बेझलवालं (बेझल म्हणजे काचेभोवतीची फिरती कडी) भावंड ००९, आणि मग विचारणा होते की बेझल जाम झालंय, चावी (बाजूची फिरवायची गुंडी) नीट बसत नाही, घड्याळ पुढे पळतंय, हे घरीच करू की घड्याळजीकडे देऊ, आणि गोव्याजवळच्या ग्रँड आयलंड बेटावर डायव्हिंगला घालून गेलं तर चालेल ना?

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो कारण बाकी सगळं त्याच्यावर ठरतं. डायलवर २०० मीटर लिहिलंय हे खरं, पण ते घड्याळ नवं होतं तेव्हाचं. हे मॉडेल १९९६ ला आलं आणि २०१९ च्या आसपास बंद झालं, म्हणजे तुमच्या हातातलं घड्याळ कितीही चकचकीत असलं तरी वयस्कर आहे. आणि नुसतं स्टील पाणी अडवत नाही, अडवतात त्या रबराच्या बारीक रिंगा, मागच्या झाकणाखाली एक, चावीत एक, काचेभोवती एक. रबर म्हातारं होतं, कडक होतं, चपटं होतं, घड्याळ कपाटात पडून असलं तरी होतं. म्हणून माझं सांगणं नेहमी एवढंच, की पहिला पैसा या रिंगांवर घाला, काच, पॉलिश, नवा पट्टा हे सगळं नंतर. पॉलिश तर करूच नका खरं म्हणजे, केसच्या धारदार कडा एकदा गोल झाल्या की परत येत नाहीत.

वय बघायचं असेल तर मागच्या झाकणावर सहा अंकी सिरियल नंबर असतो, त्यातला पहिला आकडा वर्षाचा शेवटचा आकडा आणि दुसरा महिना (ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबरला ओ, एन, डी). म्हणजे ४ असेल तर २००४ किंवा २०१४, ते मग विकणाऱ्याला विचारून ठरवायचं. तिथेच ७एस२६-००२० असा केस नंबर असतो, रिंगा मागवताना तोच सांगा.

आता ज्या तक्रारी तक्रारी नाहीतच त्या आधी बाजूला काढू. गुंडी फिरवून चावी भरत नाही? या मशीनला हाताने चावी देताच येत नाही, हातात घालून हलवलं की आपोआप भरते. चावी पूर्ण बाहेर ओढली तरी सेकंद काटा थांबत नाही? तेही असंच बनवलंय. दिवसाला वीस-तीस सेकंद इकडेतिकडे? चालायचंच. पण दिवसाला पाच-दहा मिनिटं पुढे पळत असेल तर बहुतेक मॅग्नेट लागलाय, आत केसासारखी जी बारीक स्प्रिंग असते तिचे वेढे एकमेकांना चिकटतात, स्प्रिंग आखूड झाल्यासारखी होते आणि घड्याळ धावत सुटतं. साधं होकायंत्र घड्याळाजवळ न्या, सुई जोरात हलली तर समजा तेच. मॅग्नेट काढायचं छोटं यंत्र ऑनलाइन स्वस्तात मिळतं, झाकण उघडावं लागत नाही, हे काम बिनधास्त घरी करा, आणि मोबाईलचं चुंबकवालं कव्हर, स्पीकर यांच्यापासून घड्याळ लांब ठेवा.

बेझल जाम होणं हा आपल्याकडचा नेहमीचा आजार. मीठ, कळंगूट-मिरामारची रेती आणि सनस्क्रीन यांचा मिळून खाली चक्क लगदा झालेला असतो. लोक घड्याळ रात्रभर साबणाच्या पाण्यात बुडवून ठेवायला सांगतात, ज्या घड्याळाच्या रिंगांचा भरवसा नाही त्याला ते अजिबात करू नका. चावी घट्ट बंद करा, कोमट पाण्याचे थेंब बेझलच्या कडेला सोडा, थोडं थांबा, मऊ टूथब्रशने कड घासा, बेझल एकाच दिशेने, डावीकडे, फिरवत राहा. काळपट राखाडी पाणी बाहेर येतं, ते फडक्याने टिपायचं आणि परत तेच. हळूहळू टक टक ऐकू यायला लागते, पूर्ण फेरीत १२० वेळा टक होते. तेल मात्र सोडायचं नाही, खोबरेल तर नाहीच नाही, ते रेती धरून ठेवतं आणि तीच रेती मग घासत बसते. एवढ्याने नाही सुटलं तर बेझल वर उचलून काढता येतं, केसला दोन थर टेप लावून बोथट पातं कडेत घालायचं, पण घाई असेल त्या दिवशी हे काम काढू नका. आणि सुटल्यावर जर बेझल उजवीकडेपण फिरत असेल तर ते साफ करून भागणार नाही, दुरुस्त करून घ्या. एका दिशेने फिरण्याला कारण आहे, पाण्यात धक्का लागून बेझल सरकलं तरी ते खाली घालवलेला वेळ जास्तच दाखवतं, कमी कधी दाखवत नाही, म्हणजे माणूस लवकर वर येतो.

चावी बसत नसेल तर जोर लावू नका. हलकेच आत दाबून आधी उलटी फिरवा, सैल करतो त्या दिशेने, एका ठिकाणी आटे टक्कन बसल्याचं बोटाला कळतं, तिथून मग सुलटी. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. तरीही सरकत असेल तर आटे गेले, तेव्हा घड्याळजी.

मागचं झाकण घरी उघडू नका. उघडणं सोपं आहे, पण बंद केल्यावर ते पाणी अडवतं की नाही हे प्रेशर टेस्टशिवाय कळत नाही, आणि ते मशीन आपल्याकडे नसतं. त्यातून गोव्यातला जुलै म्हणजे हवेत नुसतं पाणी, ती हवा आत कोंडून झाकण लावलं की रिंगा नव्या असूनही थंड पाण्यात काच आतून धुरकट होते. उघडायचंच तर डिसेंबर-जानेवारीत किंवा एसी खोलीत उघडायला सांगा, घड्याळजीला हे सांगायला लाजू नका.

आत दमट आहे का हे घरी बघता येतं. डायव्ह वॉचचं जे आयएसओ ६४२५ मानक आहे त्यातलीच ही टेस्ट. घड्याळ ४०-४५ अंशापर्यंत गरम करायचं, म्हणजे हाताला सोसेल एवढ्या गरम पाण्याच्या भांड्यावर स्टीलचं झाकण पालथं घालून त्याच्यावर ठेवायचं, मग काचेवर साध्या पाण्याचा एक थेंब टाकायचा, मिनिटभराने पुसायचा आणि उजेडात तिरकं धरून बघायचं. थेंब होता तिथेच आतून धुकं दिसलं तर आत ओल आहे, ते घड्याळ बादलीतपण बुडवू नका. धुकं नाही दिसलं तर आत्ता आत ओल नाही एवढंच कळलं, उद्या पाणी जाणार नाही याची ती हमी नाही.

एक सावधगिरी त्यांच्यासाठी ज्यांच्या घरी आजोबांच्या वेळची, साठच्या दशकापर्यंतची स्विस घड्याळं निघतात. तेव्हाच्या चमकणाऱ्या आकड्यांत बऱ्याचदा रेडियम, म्हणजे किरणोत्सर्गी धातू, असायचं. आता चमक गेली तरी रेडियम गेलेलं नसतं, ते शेकडो वर्षं टिकतं, त्यामुळे ती उघडू नका, रंग खरवडू नका.

तर ग्रँड आयलंड. रिंगा बदलल्या, प्रेशर टेस्ट पास झाली, तर खुशाल न्या, तिथलं डायव्हिंग काही २०० मीटरचं नाही. फक्त पट्टा बदलणार असाल तर पट्टा केसला अडकवणारे आतले बार बघून घ्या, या सेकोला २.५ मिलिमीटर जाडीचे बार लागतात, बाजारातले नेहमीचे बारीक बार भोकात सैल बसतात आणि झटक्यात निसटतात. जाड बार आणि दोन्ही बारांखालून जाणारा एकसंध नायलॉनचा पट्टा घाला, म्हणजे एक बार तुटला तरी घड्याळ हातातच राहतं.