ठोकळा नेटका, छिद्रे बेशिस्त

द्रव-स्फटिकाच्या (द्रव असूनही रेणू ओळीत राहणाऱ्या पदार्थाच्या) मिश्रणात लेझरने छापलेला, आत सूक्ष्म छिद्रांच्या रांगा असायला हव्यात असा एक ठोकळा आमच्याकडे तपासणीला आला. तो दिसायला निर्दोष होता. लांबी-रुंदी 40 मायक्रॉन, कडा धारदार, बुडबुड्याचा एकही डाग नाही. काटकोनात लावलेल्या दोन ध्रुवकांमध्ये (एकाच दिशेच्या कंपनांचा प्रकाश जाऊ देणाऱ्या गाळण्यांमध्ये) तो फिरवला की दर 90 अंशांनी पूर्ण काळोख, म्हणजे रेणू काचेवरच्या घासणीच्या दिशेने ओळीत होते (रेणूंना दिशा मिळावी म्हणून काच आधी एकाच दिशेने घासलेली असते). पण पोटॅशियम हायड्रॉक्साइड या अल्कलीच्या 0.1 मोलर द्रावणात टाकताच तो चहूकडून फुगला, कडा वेड्यावाकड्या झाल्या आणि ध्रुवकांमधला उजेडही मंदावला.

अशा वेळी पहिला संशय लेझरवर जातो. 780 नॅनोमीटरचे, सुमारे 100 फेम्टोसेकंदांचे स्पंद. दोन फोटॉन एकदम शोषले जाणे फक्त केंद्रबिंदूशीच शक्य, म्हणून तेवढाच ठिपका घट्ट होतो. शक्ती जास्त झाली तर बुडबुडे उठतात, कमी पडली तर धुताना रचना वाहून जाते. इथे दोन्ही नव्हते. लेझर निर्दोष.

मग मिश्रणाकडे वळलो. त्यात शेपटीला अॅक्रिलेट (लेझरच्या उजेडात एकमेकांना जोडला जाणारा गट) असलेले बेंझोइक आम्ल होते. दोन आम्लरेणू हायड्रोजन बंधांनी डोक्याला डोके लावतात, त्यांची लांब काडी होते आणि स्मेक्टिक या द्रव-स्फटिक अवस्थेत या काड्या आपोआप थर रचतात. लेझर ते थर जसेच्या तसे गोठवतो. नंतर अल्कली मधले हायड्रोजन बंध तोडते आणि थरांमध्ये साधारण 1 नॅनोमीटरची फट उघडते. दोन्ही टोकांना अॅक्रिलेट असलेला जोडक रेणू थरांना धरून ठेवतो. म्हणूनच ठोकळा थरांना लंब दिशेने, म्हणजे घासणीच्या दिशेने, लांबायला हवा. उजेड पडताच जोडणी सुरू करणारा प्रारंभक 1 टक्का, उष्णतेने आधीच घट्ट होऊ नये म्हणून निरोधक 0.1 टक्का, इथेही खोट नव्हती.

उरले तापमान. ध्रुवक इथे फसवतात, कारण स्मेक्टिकपेक्षा जास्त तापमानाला येणाऱ्या नेमॅटिक अवस्थेतही रेणू ओळीत असतात, काळोख तितकाच पडतो. थर मात्र नसतात. नमुन्याखालच्या हीटिंग प्लेटचा आकडा स्मेक्टिकच्या तापमान-पट्ट्यातलाच होता. पण तो आकडा प्लेटचा, लेझरच्या केंद्रबिंदूचा नव्हे. तेलाच्या थेंबातून काचेला टेकलेले ऑब्जेक्टिव्ह (लेझर केंद्रित करणारे सूक्ष्मदर्शकाचे भिंग) काचेची उष्णता शोषते, म्हणून त्यालाही हीटरचे कडे बसवलेले होते, आणि ते गरजेपेक्षा गरम होते.

खात्री करायला महागडे यंत्र लागत नाही. इतक्या लहान ठोकळ्यावर नेहमीचे क्ष-किरण यंत्र तसेही निरुपयोगी. ऑब्जेक्टिव्ह टेकवून, लेझर बंद ठेवून नुसते पाहायचे. नेमॅटिकमध्ये ध्रुवकांखाली सतत लुकलुक दिसते, स्मेक्टिक झाले की ती थांबते. इथे लुकलुक चालूच होती!

कडे 1-1 अंशाने उतरवले, दर वेळी तापमान स्थिरावू दिले. लुकलुक थांबल्यावर आणखी 2 अंश खाली जाऊन छपाई केली. त्याहून खाली गेलो असतो तर स्फटिकांच्या सुया उगवल्या असत्या आणि प्रकाश विखुरून ठिपका पसरला असता. ऑब्जेक्टिव्हचे कडे हा सोयीचा जोड नसून मोजमापाचा भाग आहे, असे माझे ठाम मत.

नवा ठोकळा आधी विद्रावकाने धुतला, उरलेला मोनोमर (न जोडलेले रेणू) काढला, मग अल्कलीत ठेवला. या वेळी तो घासणीच्याच दिशेने लांबला. पाण्याने अल्कली धुऊन मिथिलीन ब्लूमध्ये बुडवल्यावर धनप्रभारी रंगाने पोटॅशियमची जागा घेतली आणि ठोकळा निळा झाला. मापे मात्र ओल्यातच घ्यावीत. वाळला की फटी मिटतात.