आमची वाटचाल : एकतीस मशीनं आणि एक वही

दुकान सुरू झालं २०१३ च्या उन्हाळ्यात. दिवस वाईट होते. जालना जिल्ह्यातल्या अंबड, घनसावंगी, बदनापूरच्या पट्ट्यात मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या होत्या. टँकरचं पाणी घालून घालून माणसं थकली आणि शेवटी लेकरासारखी वाढवलेली झाडं तोडायला निघाली. मी तोवर पाणबुडी मोटारी दुरुस्त करायचो. मिस्त्री आरा मशीनवर पात्यांना धार लावायचे. त्यांचा हात, माझा गाळा आणि निम्म्या किमतीत घेतलेलं एक चेनसॉ (फिरत्या दातेरी चेनने झाडं कापायचं मशीन), एवढ्यावर आम्ही भाड्याने बागा कापून द्यायला लागलो. पुढे विक्री आणि दुरुस्तीही सुरू केली.

मिस्त्रींची एक शिस्त होती. नवं मशीन खोक्यातून काढून तसंच गिऱ्हाईकाच्या हातात द्यायचं नाही. आधी नवी चेन रात्रभर ऑईलमध्ये बुडवून ठेवायची. सकाळी ताण बघायचा: चेन बारला, म्हणजे ती ज्या लांब पट्टीवर फिरते तिला, खालून टेकलेली हवी, पण हाताने सहज सरकली पाहिजे. मग कडुलिंबाच्या ओंडक्यावर हलके काप घ्यायचे, आणि दर दोन-चार कापांनंतर मशीन बंद करून ताण पुन्हा बघायचा, कारण नवी चेन पहिल्या तासात सगळ्यात जास्त ढिली होते. मोकळ्या हवेत फुल रेस धरून ठेवायची नाही. पेट्रोलच्या पहिल्या तीन टाक्या संपेपर्यंत तर नाहीच.

२०१६ च्या दिवाळीनंतर आलेल्या मालातलं एक मशीन असंच दारात चालवताना मिस्त्रींनी रेस दिली आणि डाव्या मनगटाने पुढचा गार्ड, म्हणजे हँडलपुढची ढाल, ढकलला. गार्ड ढकलला की चेन फिरवणाऱ्या क्लचच्या ड्रमवरची पट्टी आवळते आणि चेन जागच्या जागी थांबते. ती फिरतच राहिली.

"भाऊ, ब्रेक लागंना," ते म्हणाले. दुसरं खोकं फोडलं. तेही तसंच.

हा ब्रेक कशासाठी असतो, हे बाग कापणाऱ्याला सांगायला नको. बारच्या टोकाचा वरचा भाग लाकडात अडकला की मशीन उलटं तोंडाकडे उसळतं. सावरायला डोळ्याची पापणी लवेल एवढाही वेळ मिळत नाही.

मी वितरकाला फोन केला. उत्तर मिळालं, "तुमच्या मिस्त्रीने खोललं असेल." वीस वर्षं पात्यांना धार लावलेल्या माणसाबद्दल हे बोलले. तो शब्द मी अजून विसरलो नाही. त्या खेपेतली एकतीस मशीनं आम्ही तोवर विकली होती. ब्रेक आम्ही थंड मशीनवर, रेस न देता तपासायचो आणि तिथे तो लागायचा. ही चूक आमची होती, ती मी मान्य करतो. त्या दिवसापासून तपासणी गरम मशीनवर आणि पूर्ण रेसवर होते.

आमच्याकडे एक लांबट वही होती. मशीनचा नंबर, गाव, फोन, तारीख, सगळं मिस्त्रींच्या बारीक अक्षरात. ती घेऊन मी मोटारसायकलवर निघालो. नोटाबंदीचे दिवस, कोणाच्या हातात रोकड नाही आणि मी माणसांना सांगतोय की मशीन परत द्या. सत्तावीस मशीनं परत आणली. चार जणांना ती द्यायची नव्हती, त्यांचे ब्रेक त्यांच्याच ओट्यावर बसून बदलले. पैसे मागितले त्यांना पैसे दिले, बायकोच्या पाटल्या मोडून. वितरकाचं मशीनं परत मागवण्याचं पत्र आलं तीन महिन्यांनी, माफीचा शब्दही नसलेलं.

एवढ्या काळात बाजारातल्या एका दुकानदाराने गावोगाव सांगितलं की आमची मशीनं हात कापतात. एकाचाही हात कापला नव्हता. पण ऐन हंगामात दोन महिने आमच्या दारात कोणी फिरकलं नाही.

फिरकले ते फक्त घनसावंगीकडचे तात्या. २०१३ ला त्यांची चारशे झाडांची बाग आम्हीच कापली होती. ते म्हणाले, "बाग गेली तेव्हा तू रडलास, मला आठवतंय. मशीन तुझ्याकडूनच घेणार." नवं मशीन घेतलं, पूर्ण पैसे मोजले आणि शेजारच्या तीन गावांत स्वतः सांगत फिरले. दुकान त्यांच्यामुळे टिकलं.

आता २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे. धोकादायक माल बाजारातून परत मागवण्याचा आदेश केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण देऊ शकतं. तरी प्रत्येकाने मशीनचा नंबर आणि बिलाचा फोटो फोनमध्ये ठेवावा. पत्र आलं तर नंबर जुळवायला तोच लागतो.

आणखी काही गोष्टी. १:५० च्या (एक भाग ऑईल, पन्नास भाग पेट्रोल) मशीनला पेट्रोलच्या लिटरमागे २० मिली चांगलं टू-स्ट्रोक ऑईल, मापाने, अंदाजाने नाही. पंपावरचं पेट्रोल आता इथेनॉल मिसळलेलं असतं, त्यामुळे कॅनमध्ये महिनोन्महिने ठेवलेलं मिश्रण वापरू नका. बारच्या टाकीत ट्रॅक्टरचं जळकं ऑईल तर मुळीच नको. त्यातला लोखंडाचा कीस बार खातो. काम संपलं की चेनचा ताण सैल करा, थंड होताना ती आखडते. धार लावायला ३/८ इंची लो प्रोफाइल चेनला (आकडा चेनच्या कड्यांच्या मापाचा) ४ मिलिमीटरची गोल कानस, .३२५ इंचीला ४.८ ची. आणि आंबा, चिंच, मोह, साग तोडण्याआधी परवानगी काढा. १९६४ चा महाराष्ट्राचा वृक्षतोड कायदा स्वतःच्या बांधावरच्या झाडालाही लागू आहे.

नंतरची वर्षं बरी गेली. मिस्त्री आता दुपारपर्यंतच बसतात. गेल्या महिन्यात तात्यांचा नातू तिसरं मशीन न्यायला आला. त्याला घाई होती, ट्रॅक्टर बाहेर उभा होता. मिस्त्रींनी त्याला खुर्ची दिली, चहा सांगितला आणि मशीन गरम होऊ दिलं. मग रेस देऊन गार्ड ढकलला. चेन थांबली. त्यांनी तीनदा केलं, तिन्ही वेळा थांबली. मग वही उघडून त्यांनी नंबर लिहिला.