बेलवरचं नाव

काल रात्री 'द लँडलॉर्ड' परत बघितला आणि झोपेचं खोबरं झालं. खरं तर सुरुवात सकाळीच झाली होती, पावसाने खालच्या बेलवरचं आमच्या नावाचं स्टिकर सुटून लोंबत होतं, नीट करायला गेले तर खाली दुसरंच नाव, निळ्या बॉलपेनने लिहिलेलं, शेवटच्या अक्षराला लांब शेपटी. मी घाईघाईने अंगठ्याने आमचं स्टिकर त्यावर दाबून बसवलं. एवढी कसली घाई होती मला?

सिनेमा १९७० चा, दिग्दर्शक हॅल ॲशबीचा पहिला, आणि शूट झालाय इथेच ब्रुकलिनमध्ये, पार्क स्लोपला. एल्गर २९ वर्षांचा, घरचा गडगंज, ब्लॅक भाडेकरू राहतात ती इमारत विकत घेतो, त्यांना काढून स्वतःसाठी घर सजवायला. पहिल्यांदा अमूच्या लॅपटॉपवर बघितला तेव्हा एल्गरची आई झालेली ली ग्रँट आणि भाडेकरू झालेली पर्ल बेली पिऊन टाइट होतात तिथे आम्ही हसून हसून लोळलो होतो. काल हसूच येईना. एल्गर वाईट नाहीये हो, त्याला ती माणसं मनापासून आवडायला लागतात, आणि तेच टोचतं, आवडली तरी घर त्याच्याच नावावर. कादंबरी क्रिस्टिन हंटरची, पटकथा बिल गनची, दोघंही ब्लॅक, म्हणूनच बहुतेक एल्गरला माफ करून टाकायची घाई कुठे दिसत नाही. शेवटी फॅनी, एल्गरपासून मूल झालेली भाडेकरू, म्हणते बाळ दत्तक देताना गोरं म्हणून द्या, बापासारखं निवांत वाढू दे. तिथे मी पॉज केला, पाणी प्यायले, परत लावायला दहा मिनिटं लागली.

मग सगळ्यांचाच राग आला. आम्ही बारा वर्षं बेसमेंटमध्ये काढली, व्हिसाच्या तारखा मोजत, ते कोण बघतं? आम्ही कुणाला काढलं नाही, घेतला तेव्हा फ्लॅट रिकामाच होता. हे मी ह्याला तीनदा सांगितलं, तिसऱ्यांदा तो म्हणाला, "अगं पण तुला विचारतंय कोण?"

बाबांची लालबागची खोली गेली तेव्हा... जाऊ दे, ते आत्ता नको.

आज जिन्यात तळमजल्यावरच्या बाई भेटल्या, विचारलंच शेवटी, बेलवरच्या त्या जुन्या नावाबद्दल. शनिवारी मासे तळायची म्हणे, वास अख्ख्या जिन्यात. भाडं वाढलं तशी मुलीकडे गेली, जॉर्जियाला. पत्ता आहे त्यांच्याकडे.

घर काही मी परत देणार नाहीये, ते खरंच आहे. पण तिची पत्रं अजून येतात, आठ-नऊ झालीत, बुटांच्या खोक्यात ठेवलीयेत. रविवारी खाली नेऊन देते.